नऊ पावलांची गवी

चाळीस वर्षं मी लोकांच्या घरी जातोय, पण निघताना मला कुणी 'पुन्हा या' म्हटलेलं नाही. यात लोकांचा काही दोष नाही. मी मातीचा स्वामी. मी पुन्हा यावं असं कोणत्या घराला वाटेल?

बाहेरच्या वाचकांसाठी जरा फोडून सांगतो. आमच्या भागात अंत्यविधीला जाणं म्हणजे 'मातीला जाणं'. मग तिथं चिता पेटवणार असोत की पुरणार असोत, माणूस एसटीत शेजाऱ्याला सांगणार, "मातीला चाललोय." आम्हा लिंगायतांत मात्र खरोखरच माती असते. गेलेल्या माणसाला आम्ही जाळत नाही आणि आडवंही करत नाही, मांडी घालून बसवतो. हा विधी करणारा तो स्वामी. उदगीरला हे काम आम्ही दोघे चुलतभाऊ करायचो. दादा अंगानं भरलेला, हसऱ्या तोंडाचा, त्यामुळं लग्नं, बारशी, घरभरण्या त्याच्याकडं गेल्या. मी काटकुळा, अरुंद जागेत सहज उतरणारा, आणि माझा आवाज उपजतच दुखवट्याचा. म्हणून माती माझ्याकडं आली. दादाला मधुमेह झाला तो बुंदीच्या लाडवांनी. माझ्या वाट्याला काळा चहा यायचा, तोसुद्धा शेजारच्या घरून.

या कामात मंत्र पाठ असावे लागतात हे खरं, पण त्याहून मोठं काम बोलण्याचं. आमच्यात माणूस मरत नाही, लिंगैक्य होतो. त्याला तिरडीवर बांधत नाहीत, विमानात बसवतात. हे विमान म्हणजे केळीच्या खांबांनी आणि झेंडूनं सजवलेली खुर्चीसारखी चौकट. खाली खणतात त्याला खड्डा म्हणायचं नाही, गवी म्हणायचं. गवी म्हणजे कानडीत गुहा. वरून चौकोनी खणत उतरायचं, आणि आत एका भिंतीत कोनाडा कोरलेला असतो, त्यात बसवायचं. तपाला बसलेल्या माणसाला आपण 'पडलाय' म्हणत नाही, तसंच. कुणी 'जड आहे' म्हणायचं नाही, 'उशीर झाला' म्हणायचं नाही. अप्पा 'निघालेत', अप्पा 'टेकलेत', अप्पांच्या डोक्याला ऊन लागू देऊ नका. जिवंतपणी ज्यांना सुना 'म्हातारं' म्हणायच्या, त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बहुवचन मिळतं.

या भाषेचा कचेरीत मात्र निभाव लागत नाही. एकदा एका घरच्या मुलाबरोबर मी नोंद करायला गेलो होतो. टेबलावरचा कारकून परमुलखातला, नवा. मुलगा म्हणाला, "वडील लिंगैक्य झाले." कारकुनानं पेन थांबवलं. "म्हणजे कुठं गेले?" मुलगा म्हणाला, "शिवाकडं." "कधी येणार?" मी मध्ये पडलो आणि माझ्या सगळ्या संस्कारांना बाजूला सारून म्हणालो, "साहेब, ते मेले." मुलगा माझ्यावर इतका रागावला की चौदाव्या दिवसापर्यंत बोलला नाही.

माझ्या तोंडावरच माझा धंदा लिहिलेला असावा. आजारी माणसाला बघायला जायची मला सोय नाही. आमचे एक शेजारी दोन महिने अंथरुणाला खिळले होते. जुनी ओळख, राहवेना, म्हणून डोकावलो. मला दारात बघताच ते उठून बसले, धोतर सावरलं, चालत दारापर्यंत आले आणि म्हणाले, "स्वामी, म्या बरा हाय. उगा कशाला तरास घेतला?" पुढं ते सात वर्षं जगले आणि रस्त्यात दिसलो की पावलं झपाझपा टाकायचे.

आणखी एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आपला माणूस एरवी कुठूनही निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मातीच्या घरून निघताना मात्र 'येतो' म्हणायचं नाही. म्हटलं तर असाच प्रसंग पुन्हा येवो, असं म्हटल्यासारखं होतं. घरच्यांनीही 'या' म्हणायचं नाही. न बोलता उठायचं आणि मागं न बघता निघायचं. चाळीस वर्षं मी असाच निघत आलो. ती सवय इतकी अंगात मुरली की स्वतःच्या घरातूनसुद्धा मी तसाच निघायचो. नीलावती, माझी बायको, सुरुवातीला चिडायची. "आवो, म्या जित्ती हाय की घरात. मला तरी 'येतो' म्हनून जावा." मी हो म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी तसाच चप्पल घालून बाहेर. नंतर तिनं म्हणणं सोडून दिलं. याची मला खंत आहे, पण माझ्या तोंडून तो शब्द निघतच नव्हता.

आता गुरुनाथप्पांची गोष्ट. ती माझ्या हातून झालेली चूक आहे, हे आधीच कबूल करतो.

गुरुनाथप्पा अहमदपूर तालुक्यातल्या एका गावचे शिंपी. सगळे त्यांना टेलरअप्पाच म्हणायचे. हात सोन्याचा, पण त्यांनी शिवलेला कपडा पहिली दोन वर्षं अंगावर लोंबायचा. शिवणीत आत ते बोट-दोन बोटं कापड जास्तीचं सोडायचे. सगळेच शिंपी थोडं सोडतात, त्याला माया म्हणतात, पण अप्पांचा हात त्यात फारच सैल. कुणी कुरकुर केली की चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "मानूस वाढतंय. कापड वाढत न्हाई." माझा एक झब्बा त्यांनी शिवला होता. त्यात मी आणि माझा एखादा शिष्य मावला असता.

त्यांचे एकुलते एक जावई राजशेखर. उदगीरला बियाणांचं दुकान. देहानं पोत्यासारखे भक्कम, आवाज मोठा, आणि मनानं तितकेच भित्रे. मांजर आडवं गेलं की दुकान अर्धा तास उशिरा उघडणार. लग्नात सासऱ्यांनी शिवलेला बिस्किटी सफारी ते वीस वर्षं वापरत होते. दर दिवाळीला जावई सासरवाडीला आले की अप्पा टेप काढायचे, पोटाचं माप घ्यायचे, शिवण उसवायचे आणि बोटभर मोकळी करून द्यायचे.

त्या दिवशी सकाळी मी देगलूरकडं एका मातीला होतो. तिथंच अप्पांच्या पुतण्याचा, बाबूचा फोन आला. "स्वामी, टेलरअप्पा लिंगैक्य झाले. दुपारी शेतात करायचं ठरलंय." चैत्राचं ऊन, पल्ला लांबचा. अप्पांच्या घरी जाऊन मग शेतात जायला वेळ नव्हता. आणि इथं मी चुकलो.

गवीचं माप फुटात नसतं. ज्यांच्यासाठी गवी, त्यांच्या पावलानं ती मापतात. नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद. त्यासाठी स्वामीनं घरी जाऊन, अंघोळ घातल्यावर, तळव्याला सूत लावून टाचेपासून अंगठ्यापर्यंतचं माप घ्यायचं असतं. माझ्या आजोबांपासून असं चालत आलंय. पण मी फोनवर बाबूला म्हणालो, "सूत लावायला मी पोचत न्हाई. अप्पांची एक चप्पल घेऊन थेट शेतावर ये."

मी शेतावर पोचलो तेव्हा बाबू चप्पल घेऊन उभा होता. चामड्याची, नवी, भली दांडगी. मला क्षणभर वाटलं, टेलरअप्पांचा पाय एवढा होता? पण त्यांना मी कायम पायमशीनवर बसलेलं बघितलेलं. मशीनखालचे पाय कोण बघतो? मी चपलेला सूत लावलं, गाठ मारली, नऊ आणि पाच मोजून रेषा आखल्या. पूर्वी दोन माणसं टिकावानं खणायची. तीन-चार तास लागायचे, त्यात चार माणसं येऊन बसायची, चार गोष्टी निघायच्या, आणि काही चुकलं असेल तर कुणाच्या तरी लक्षात यायचं. आता जेसीबी आलाय. चालकानं विचारलं, "कितीचा घ्यायचा? फुटात बोला." मी म्हणालो, "रेषेवर घे." अर्ध्या तासात काम झालं. आत उतरून कोनाडा तेवढा आम्ही हातानं कोरून घेतला. गवी इतकी ऐसपैस झाली होती की मला आत पाय मोकळे करता आले. असं कधी झालं नव्हतं. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

भजन ऐकू येऊ लागलं. विमान बांधावर आलं. बिस्किटी रंगाचे राजशेखर मागून येत होते, पण चालत नव्हते. उड्या मारत होते. काळ्या रानाला तव्यासारखा चटका होता आणि ते अनवाणी होते. दोन उड्या मारून गवताच्या गड्ड्यावर थांबायचे, मग विमानाच्या सावलीत घुसायचे. त्यांच्या शेजारी चालणारा सांगत होता, "दाजींची एक चप्पल दारातून गेली. एकच न्यायची म्हंजे चोराची बी कमालच."

राजशेखर गवीच्या काठाशी आले आणि थबकले. काठावर त्यांची चप्पल होती. टाचेपासून अंगठ्यापर्यंत सूत बांधलेली.

"ही माजी हाय," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "हिला सूत कामून बांधलंय?"

बाबू बिचारा सरळ माणूस. "माप घ्यायला, दाजी. अप्पा वरीसभर अंथरुनात, त्यांची चप्पल घरात सापडंना. दारात हीच समद्यात भारी दिसली. मला वाटलं, एवढ्या मोठ्या मानसाची हीच असंल."

आमच्यात समज आहे की ज्याच्या पावलानं गवी मापली, ती त्याचीच. आणि खणलेली गवी रिकामी राहत नाही. हे मी स्वतः घरोघर सांगत आलो होतो. राजशेखर मटकन खाली बसले. त्यांची बायको शिवकांता तोवर बापासाठी रडत होती. "माज्या बाबा, मला टाकून कुटं चाललास," असा हेल लागला होता. त्याच हेलात, श्वास न घेता, "आता माजं कुकू कसं ऱ्हाईल," असं ती नवऱ्याकडं वळली. बायकांनीही तिच्यामागं वळून सूर धरला. टेलरअप्पा क्षणात मागं पडले.

मग उपाय निघू लागले. देगलूरकडचे एक पाहुणे म्हणाले, "ही बुजवा, दुसरी घ्या." बिदरकडच्या एका म्हाताऱ्यानं मान हलवली. "बेडप्पा, बेड. नको. बुजवली म्हंजे ती वाट बघत बसंल. चप्पलच पुरा आत." यावर राजशेखर बसल्या जागेवरून म्हणाले, "एक पुरा, आन् म्या एकाच चपलंवर हिंडू?" जीव जायची भीती होती, पण चप्पल नवी होती. जेसीबीवाला वरून विचारत होता, "भरू का खनू, काय ते एक सांगा. पुढं काम हाय मला."

आणि या सगळ्यात विमान खांद्यावर होतं. एकदा उचललेलं विमान गवीपाशीच टेकवायचं असतं. पण ही गवी कुणाची हेच ठरत नव्हतं, तर टेकवायचं कुठं? चौघांच्या माना वाकल्या होत्या. जड झालं म्हणायची सोय नाही. शेवटी त्यातला एक दातावर दात दाबून म्हणाला, "स्वामी, अप्पा आज लई... लई परसन्न दिसून ऱ्हाईलेत." मी समजायचं ते समजलो.

मी पुढं झालो. शब्द हेच माझं हत्यार, तेच काढलं. म्हणालो, माप हे निमित्त, माती सगळ्यांची एकच माय, तिच्या घरात माझं-तुझं नसतं. आवाज छान लागला होता. राजशेखर शांतपणे ऐकून घेत होते. माझं झाल्यावर हात जोडून म्हणाले, "स्वामी, तुमचं बोलनं लई ग्वाड हाय. पर माप माजंच हाय न्हवं?"

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची दुःखं शब्दांत गुंडाळत आलो होतो, आणि हा धडधाकट माणूस माझ्या आळसापायी समोर थरथरत होता. मला स्वतःची लाज वाटली. मी म्हणालो, "हाव. माप तुमचंच हाय. चूक माजी. म्या घरी येऊन सूत लावायला पायजे होतं."

तेवढ्यात बायकांतून महानंदाक्का पुढं आल्या. टेलरअप्पांच्या पत्नी. सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. जावयासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "पाव्हणं, उटा."

"आत्याबाई, माजं माप घेतलंय वो."

"घेतलंय तर? ह्यांनी वीस वर्सं तुमचं माप घेतलं. दर दिवाळीला, ह्या माज्या डोळ्यांदेखत. टेप लावला म्हनून तुमी मेलात का?"

मेलात! विमानासमोर, गवीच्या काठावर, हा शब्द. सगळे माझ्याकडं बघू लागले. मी वरच्या आभाळाकडं बघू लागलो.

"मेलात का, सांगा की. वाढतच गेलात! ह्यांनी समद्या गावाचं माप घेतलंय. माप घेतल्यानं मानूस मरत असता तर हितं खांदा द्यायला कोन ऱ्हायलं असतं?"

आधी बाबू हसला. मग खांद्यावरचा एक. हसण्यानं विमान हललं आणि आत बसलेल्या अप्पांची मान पुढं-मागं झाली, अगदी हो म्हटल्यासारखी. ते बघून बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. शिवकांता रडत रडत हसत होती.

महानंदाक्का मात्र हसल्या नाहीत. गवीकडं बघत म्हणाल्या, "आन् ह्यांचं म्हनाल, तर ह्यांनी सोताला तरी अंगाबरोबर कवा शिवलं? जलमभर ढगळच घालून हिंडले. हितं जागा उरली तर उरू द्या. मानूस वाढतंय, कापड..." मग मात्र सगळ्यांना रडू आलं, आणि या वेळी ते टेलरअप्पांसाठी होतं.

मी विमान टेकवायला सांगितलं. एरवी गवीत एकटा स्वामी उतरतो, कारण दुसऱ्याला जागाच नसते. त्या दिवशी माझा गुडघा धरला होता आणि जागा भरपूर होती. मी वर बघून म्हणालो, "एक जण आत या." कुणी हलायच्या आत राजशेखर उठले. अनवाणीच खाली उतरले, स्वतःच्या मापाच्या गवीत. हात पसरून त्यांनी सासऱ्यांना घेतलं, कोनाड्यात नीट बसवलं, डोकं टेकवलं. मी विभूती लावली, बेल वाहिला. राजशेखरांनी सासऱ्यांच्या सदऱ्याची सुटलेली गुंडी लावली आणि कानाशी वाकून म्हणाले, "अप्पा, आरामात बसा. लई मोकळं हाय."

मी पुढचा मंत्र विसरलो. चाळीस वर्षांत एवढी एकच वेळ. कुणाला कळलं नाही, कारण मी खोकलो.

राजशेखरांना वर काढायला चार माणसं लागली. सफारीची बगलेतली शिवण उसवली. सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती टाकली. गवी रिकामी राहिली नाही आणि जावईही वर सुखरूप.

निघायची वेळ झाली. लोक न बोलता, नियमाप्रमाणं पांगू लागले. राजशेखरांनी चपलेचं सूत सोडलं, गुंडाळून माझ्या हातात दिलं, चप्पल पायात घातली. घरी उरलेली दुसरी तोवर कुणीतरी आणून दिली होती. दोन पावलं गेले, वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "स्वामी, येतो."

पुढं चाललेली माणसं जागीच थांबली. नियमानं मी तोंड फिरवायला हवं होतं. पण घटकाभरापूर्वी हा माणूस आपण आता कुठंच येणार-जाणार नाही असं धरून बसला होता. त्याच्या तोंडी 'येतो' ऐकून मला इतकं बरं वाटलं की नियम आठवलाच नाही.

"या," मी म्हणालो. "जरूर या."

ते खरोखर येतात. दर दिवाळीला तोच सफारी घालून दारात उभे राहतात. आता शिवण मोकळी करायला कुणी नाही, त्यामुळं पोटावरची बटणं लागत नाहीत. "स्वामी, हाय बगा अजून," म्हणतात आणि फराळ करून जातात. माझ्या घरी जिवंत असल्याची वर्दी द्यायला येणारा हा एकटाच पाहुणा.

पण सांगायचं वेगळंच आहे. मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोथिंबीर आणायला निघालो. पिशवी घेतली, चप्पल घातली, आणि उंबऱ्यावर कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "येतो गं."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. नीलावती पिठाच्या हातानं धावत आली आणि तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"काय होऊन ऱ्हायलंय तुमाला? छातीत दुकतंय का?"

"काही न्हाई. कोथिंबीर आणायला चाललोय."

मी पायऱ्या उतरलो, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मागं वळून बघितलं. ती अजून दारातच होती, आणि मी बघतोय हे बघून तिनं पदर डोळ्यांना लावला. मग सावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "लवकर या! आन् मिरच्या बी आना!"